थोरलीसाठी शब्द

बाबांच्या सलूनात खुर्च्या दोनच होत्या, पण माणूस खुर्चीत बसायचा अवकाश, बाबा त्याचा स्वभाव ओळखून मोकळे. गळ्याभोवती कापड बांधता बांधता ते आरशात एकदाच बघत. गिऱ्हाईक उठून दाराबाहेर पडलं की शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला हळूच सांगत, "घुमा आहे, पण डूख धरणारा नाही." किंवा, "गोड बोलतो, पण आतल्या गाठीचा." भिडस्त, तुसडा, भोळसट, लोचट, आढ्यताखोर, कुढा, दिलदार. ज्याला त्याला मापाचा शब्द. गल्लीतला एक शिंपी तर पार टकला झाल्यावरही महिन्याला येऊन बसायचा. केस नाहीत तर काय झालं, आपल्याला आज काय म्हणतात ते तरी ऐकून जाऊ, म्हणायचा.

अशा माणसाला अर्धांगवायूचा झटका आला. एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत असताना हातातला ब्रश गळून पडला. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटू लागला, आणि तोंडात राहिले "हो", "नको" आणि "ते... ते". डोळ्यांत सगळं दिसायचं, ओठांवर काही यायचं नाही.

थोरलीने त्यांना आपल्या घरी आणलं. घर दोन खोल्यांचं. खिडकीजवळचा पलंग बाबांना दिला आणि ती नवऱ्यासह आतल्या खोलीत गेली. नवरा बस चालवायचा. स्वभावाने इतका थंड, की सासरा घरी राहायला येणार हे ऐकून त्याने फक्त "मग रेडिओ त्यांच्या बाजूला ठेवू," एवढंच म्हटलं. थोरली चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमीत बसवायचं काम करायची. सकाळी उठून बाबांची आंघोळ, हाताला तेल, व्यायाम, भरवणं, मग दुकान, दुपारी धावत घरी, पुन्हा दुकान. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझंच काम आहे." तक्रार नव्हती. निदान तेवढ्याबद्दल नव्हती.

तक्रार होती ती धाकटीबद्दल, आणि ती फार जुनी होती. लहानपणी दोघी शाळेतून थेट सलूनात यायच्या. बाबा खुर्चीच्या हातांवर फळी टाकून धाकटीला वर बसवायचे, आरशात तिच्याकडे बघून तोंडं वेडीवाकडी करायचे. थोरलीच्या हातात झाडू. खाली पडलेले केस गोळा करताना तिला पायांच्या दोन जोड्या दिसायच्या आणि वर खिदळणं ऐकू यायचं. धाकटी आता दुसऱ्या शहरात एका हॉटेलच्या काउंटरवर होती. अधूनमधून यायची, अत्तराचा घमघमाट घेऊन, आणि दारातूनच "बाबाऽऽ" म्हणून हाक मारायची. त्या एका हाकेने म्हाताऱ्याचा पडलेला गालसुद्धा हलायचा. थोरलीने महिनाभर चोळलेल्या तेलाने जे होत नव्हतं, ते धाकटीच्या हाकेने व्हायचं. थोरली मग तेलाची बाटली उचलून आत जायची.

इस्पितळाने आठवड्यातून दोनदा एक बाई पाठवायला सुरुवात केली. गेलेली वाचा परत आणायचं शिक्षण घेतलेली. थोरलीच्या नवऱ्याने तिचं नाव वाचाबाई ठेवलं. वाचाबाई सांगायची, "शब्द गेलेले नाहीत हं काका. आत आहेत. वाट बुजलीय, ती आपण मोकळी करायची." तिच्या डब्यात जाड कागदाचे पत्ते होते, प्रत्येकावर ठसठशीत अक्षरात एक शब्द. बाबांना वाचता येत होतं, म्हणून आधी शब्द निवडायचा आणि मग तो बोलायचा प्रयत्न करायचा, अशी पद्धत. पहिल्यांदा कप, कंगवा, उशी. मग बसणे, झोपणे, हसणे. बाबा दोनचार पत्ते उचलायचे आणि कंटाळून खिडकीबाहेर बघायचे.

"यांना माणसं ओळखायची हौस होती," थोरलीनेच एकदा सांगितलं. "कप आणि कंगव्यात यांचं मन नाही रमायचं."

पुढच्या वेळी वाचाबाई नवे पत्ते घेऊन आली. सगळे स्वभावाचे. थोरलीने घरातले फोटो काढून दिले. बाबा उशीला टेकून ताठ बसले आणि त्यांचा डावा हात पत्त्यांवरून असा फिरू लागला, की जणू पुन्हा सलूनच उघडलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या फोटोवर त्यांनी "चिकट" ठेवला. घरमालकिणीवर "लुडबुडी". जावयाच्या फोटोजवळ "आळशी" नेला, जावयाकडे बघितलं, परत घेतला आणि "निवांत" ठेवला.

"वाचलो," जावई म्हणाला.

आईच्या जुन्या फोटोपुढे त्यांनी आधी "सोशिक" ठेवला. मग मान हलवून तो काढला आणि "हट्टी" ठेवला, आणि त्यांचे डोळे भरून आले. थोरलीलाही हसू आणि रडू एकदमच आलं, कारण आई होतीच तशी.

धाकटीच्या फोटोवर तर पत्त्यांची रास पडली. लाघवी. मनमोकळी. लोभस. वर पुन्हा शोधून "खेळकर". "ला... घ..." असं ते जीभ जड असतानाही म्हणून गेले, आणि वाचाबाईने टाळी वाजवली.

मग राहिला थोरलीचा फोटो. थोरली स्वयंपाकघरात जायला निघाली होती, ती उंबऱ्यातच थबकली. बाबांनी फोटो हातात घेतला. पत्ते चाळले, पुन्हा चाळले. शेवटी एक निवडून त्यांनी तो अगदी व्यवस्थित, कडा जुळवून फोटोवर ठेवला.

खमकी.

"वा, काका! अगदी बरोबर," वाचाबाई म्हणाली.

थोरली आत गेली आणि तिने नळ सोडला. भांडं एकही घासायचं नव्हतं.

"अगं, खमकी म्हणजे चांगलंच की," संध्याकाळी नवरा म्हणाला. "घर खमक्या बाईच्याच जिवावर चालतं."

"चांगलंय ना? मग धाकटीला द्या ते खमकी आणि मला लाघवी द्या."

"तुला? लाघवी?" म्हणाला, आणि हसायची चूक करून बसला. दोन दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही.

खमकी म्हणजे काय, थोरली दुकानात काच घासताना मनाशी घोळवत राहिली. खमकी म्हणजे रांगेत घुसणाऱ्याला मागे ढकलणारी. खमकी म्हणजे दाराची कडी. कडीचा उपयोग सगळ्यांना असतो, पण तिला कुणी मांडीवर घेऊन बसत नाही. समोर गिऱ्हाईक यायचं, ती त्याच्या नाकावर चष्मा ठेवून विचारायची, "आधीचं स्पष्ट की आत्ताचं?" आणि माणूस म्हणायचा, "दोन्ही सारखंच." तिला वाटायचं, आमच्या घरी तर दोन्ही कधीच सारखं नव्हतं.

मग तिने ठरवलं, आपणही लाघवी व्हायचं. कुठे अवघड आहे? सकाळी बाबांना उठवताना "चला, उठा, पाणी गार होतंय" असं न म्हणता तिने गळा बारीक करून "बाबाऽऽ, झोप झाली का माझ्या राजाची?" म्हटलं. बाबांनी डोळे उघडून तिच्याकडे टक लावून पाहिलं. भरवताना ती विनाकारण हसली. तोंड पुसताना गालगुच्चा घेतला. तेव्हा बाबांनी डावा हात वर करून तिच्या कपाळाला लावला आणि कपाटातल्या थर्मामीटरकडे बोट दाखवत काळजीने म्हणाले, "ते... ते!"

नवरा बूट घालता घालता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. थोरलीचं लाघवीपण तिथेच संपलं.

त्याच आठवड्यात धाकटीचा फोन आला. रजा मिळाली होती, आठवडाभर राहायला येत होती. बाबांना सांगितलं, तर ते डाव्या हाताने स्वतःचे केस विंचरायला लागले. चार दिवस आधीपासून. पत्त्यांचा डबा त्यांनी उशाशी घेऊन ठेवला आणि थोरलीला खूण केली: फोटो दे. कुठला ते विचारायची गरजच नव्हती.

धाकटी यायच्या दिवशी सकाळी बाबा न्हाणीघरात होते, नवरा त्यांना धरून होता. थोरलीने डबा उघडला. तिने असं काही करायचं आधीपासून ठरवलेलं नव्हतं. हात आपोआप चालला. लाघवी, मनमोकळी, लोभस, खेळकर, प्रेमळ, गोड, हळवी. चांगले तेवढे सगळे काढले, चष्म्याच्या एका रिकाम्या घरात दाबून कोंबले आणि ते घर पिशवीत टाकलं. दुकानात गेल्यावर आपल्या खणात, स्क्रूच्या डबीमागे ठेवून दिलं. दिवसभर तिने काचा नेहमीपेक्षा जास्त नेमक्या बसवल्या.

संध्याकाळी घरी आली तर धाकटी पलंगावर पाय वर घेऊन बसली होती आणि बाबा डबा पुढे ओढत होते.

"ताई, ये ना! बाबा मला शब्द देणारेत म्हणे. बघू, माझ्या वाट्याला काय येतंय!"

थोरली बशा हातात घेऊन दारात उभी राहिली.

बाबांनी पत्ते पसरले. रागीट. चिकट. उथळ. घुमी. एकेक बाजूला करत गेले. उधळी. चंचल. कोरडी. शेवटचा पत्ता आला तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी सावकाश, प्रत्येक पत्ता डोळ्यांजवळ नेऊन.

धाकटी आधी हसत होती. "अहो, घाई नाही, मी आठवडाभर आहे." मग हसू कमी झालं. तिसऱ्या खेपेला तिने वाकून पत्ते वाचले. "बाबा, एकही नाही?" ती म्हणाली, आणि स्वतःच "उधळी" उचलून आपल्या फोटोवर ठेवला. "हाच ना? खरंच आहे म्हणा."

"नको! नको, नको!" बाबा ओरडले. त्यांनी तो पत्ता फेकला, डबा हाताने ढकलून दिला, आणि सगळे शब्द जमिनीवर विखुरले.

खरं सांगायचं तर त्या क्षणी थोरलीला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर गार पाण्याचा घोट घशाखाली उतरावा, तसं. दुसऱ्याच क्षणी तिने बाबांचा चेहरा पाहिला आणि तो घोट घशातच अडकला. तिने बशा ठेवल्या आणि पत्ते गोळा केले.

दुसऱ्या दिवसापासून बाबा भिंतीकडे तोंड करून निजले. धाकटीने रेडिओ लावला, गाणी म्हटली, केस विंचरून दिले. ते तिच्याकडे बघायचे आणि लगेच डोळे मिटून घ्यायचे. आठवडाभर राहणार होती, ती चौथ्याच दिवशी निघाली. थोरली तिला बसथांब्यावर सोडायला गेली.

"ताई, बाबा माझ्यावर रागावलेत का गं?"

खरं उत्तर थोरलीच्या जिभेवर होतं. "आजारी माणसाचं काय सांगावं," ती म्हणाली.

"रागावले असतील तर चुकलं काय त्यांचं? तू सगळं करतेस. मी येते, हसते, जाते."

हे वाक्य धाकटीच्या तोंडून ऐकायला थोरली कित्येक वर्षं थांबली होती. आता ऐकलं तर त्याला कसलीच चव नव्हती. बस आली. धाकटी नेहमी खिडकीतून हात हलवत जायची. या वेळी ती पलीकडच्या बाजूला बसली.

नंतर वाचाबाई आली तेव्हा बाबांनी डब्याला हातही लावला नाही. त्यापुढच्या वेळीही नाही. साधं "हो"सुद्धा म्हणेनात. वाचाबाईने त्यांचा हात हातात घेऊन पाहिला, कप आणि कंगव्याचे पत्ते पुढे केले, मग हळूच थोरलीला बाहेर घेऊन गेली.

"घरात काही झालं का?"

"नाही. शब्द शोधत होते, सापडला नाही. तेव्हापासून असेच आहेत."

"मग तेच," वाचाबाई म्हणाली. "यांची भीती काय असते सांगू? एक शब्द सापडला नाही, की यांना वाटतं तो कायमचा गेला. आपलं डोकंच गेलं. मग माणूस शोधायचंच सोडून देतो. आणि एकदा सोडलं, की मग माझ्या हातात काही राहत नाही हो."

थोरलीला वाटत होतं की तिने धाकटीच्या ताटातलं काढून घेतलं. तिने बाबांचंच काढून घेतलं होतं. ज्या माणसाने गल्लीभरच्या लोकांना शब्द वाटले, तो माणूस इतके दिवस भिंतीकडे तोंड करून मनाशी म्हणत होता, की आपल्या लेकीसाठीचा एक शब्दही आता आपल्यापाशी उरला नाही.

दुसऱ्या दिवशी ती चष्म्याचं घर घेऊन आली आणि बाबा झोपलेले असताना पत्ते गुपचूप डब्यात सरकवून दिले. सांगायचं धाडस तिच्यात नव्हतं. खमकी म्हणे!

वाचाबाई आली. त्या दिवशी नवऱ्याचीही सुट्टी होती. वाचाबाईने बरंच आर्जव केलं, तेव्हा बाबांनी एका बोटाने पत्ते इकडेतिकडे केले, खरकटं सारावं तसे. आणि मध्येच त्यांचं बोट थांबलं. लाघवी. त्यांनी तो पत्ता उचलला. खालचा काढला. लोभस. मग मनमोकळी. त्यांनी ते पांघरुणावर शेजारी शेजारी ठेवले. इतर सगळे पत्ते सपाट होते, हे मात्र चष्म्याच्या घरात राहून बाकदार झालेले, पांघरुणावर डोलत होते. बाबांनी एक नाकाजवळ नेला. दुकानात काचा पुसायला जे औषध वापरतात, त्याचा वास थोरलीच्या हातांना रोज असायचा.

बाबांनी मान वर केली. वाचाबाईकडे नाही, थोरलीकडे. सलूनच्या आरशात बघायचे तसे, एकदाच.

थोरलीने डोळे खाली घातले.

बाबांचे ओठ हलू लागले. गळ्याच्या शिरा ताणल्या. "ज... जळ..."

"जळ? पाणी हवंय?" वाचाबाईने चटकन पेला पुढे केला. "छान, काका! जळ म्हणजे पाणीच!"

बाबांनी पेला बाजूला सारला. "जळ... जळ..." त्यांनी डावा हात उचलून सरळ थोरलीवर रोखला. "जळकी!"

वाचाबाई उठून उभीच राहिली. "अहो, हा शब्द आपल्या पत्त्यांत नाहीच! हा त्यांनी स्वतः शोधला! कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," थोरली म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"जळकी," बाबा पुन्हा म्हणाले, आता स्पष्ट. आणि पुन्हा. शब्द तोंडात घोळवून त्याची चव घेत होते. त्यांचं तोंड वाकडं झालं, आणि ते हसताहेत हे सगळ्यांच्या जरा उशिरानेच लक्षात आलं. जावई खिडकीबाहेर बघायला लागला. थोरलीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती जमिनीवर बसून पदरात तोंड घालून रडली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताने तिचे केस कसे आहेत ते बोटांनी पाहिलं, सवयीप्रमाणे. पण तेवढ्यावर सोडलं नाही. ते म्हणाले, "फोन."

"आत्ता नको, बाबा."

"फोन."

फोन लागला. बाबांनी तो कानाला लावला आणि बराच वेळ नुसता श्वास घेतला. "ला... घवी," ते म्हणाले. पलीकडून धाकटीचा आवाज खोलीभर ऐकू आला, "बाबा! तुम्ही बोलताय!" मग बाबा म्हणाले, "ताई... जळकी," आणि फोन थोरलीच्या हातात दिला.

"अगं, हे काय म्हणताहेत?" धाकटी हसत विचारत होती.

"खरं म्हणताहेत. पत्ते मी काढले होते. तू यायच्या आधी."

"सगळे?"

"चांगले तेवढेच."

धाकटीचं हसणं थांबलं. "ताई, मी बसमध्ये घरी पोचेपर्यंत रडत होते," ती म्हणाली. "रात्रभर विचार करत होते, की मी असं काय केलं." आणि तिने फोन ठेवला.

नंतर ती बरेच दिवस थोरलीशी बोलली नाही. बाबांशी फोनवर बोलायची, पण थोरलीने उचलला तर फक्त "बाबांना दे." थोरली मुकाट्याने द्यायची. बाबांचे शब्द हळूहळू वाढत होते. घरमालकीण आली तर तिच्या तोंडावरच "लुडबुडी" म्हणाले, आणि थोरलीला भाडं वाढायची धास्ती पडली.

मग एका रविवारी दारातून "बाबाऽऽ" अशी हाक आली. धाकटी आत आली, बाबांच्या गळ्यात पडली, आणि थोरलीकडे न बघता तिने हातातली पिशवी तिच्याकडे दिली. बाबांचा चेहरा उजळला होता, पडलेला गालही वर गेला होता. थोरलीच्या छातीत ते जुनंच काहीतरी चर्र झालं. पत्ते परत केले म्हणून ते जाणार थोडंच होतं? ती आत गेली, चहाचं आधण ठेवलं. बाहेर दोघांचं खिदळणं सुरू झालं.

"अहो, एवढं हसू नका दोघं!" तिने आतून ओरडून सांगितलं. "मला बघवत नाही!"

बाहेर दोघंही आणखी मोठ्याने हसली. थोरली थट्टा करत नव्हती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. थोड्या वेळाने धाकटी आत आली, कट्ट्याला टेकून उभी राहिली, आणि कप पुसायला लागली.